चेहऱ्याला काय लावावे, किती आणि का

रेटिनॉल, नायसिनामाइड, ग्लायकोलिक ॲसिड, पेप्टाइड ही नावे पूर्वी त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदांत ऐकू येत. आता ती बार्शी-चिपळूणच्या मेडिकल दुकानांत ऐकू येतात, आणि ती घेणाऱ्यांत विशीतली मुले असतात तशा साठीतल्या आजीही असतात. पेशंट एखादी ट्यूब घेऊन यायचे आणि ‘ही लावली तर चालेल का’ म्हणून विचारायचे, ते दिवस गेले. हल्ली पिशवी येते. तीत तीन सीरमे, दोन क्रीमे, एक टोनर आणि शेजारणीने दिलेली, लेबल नसलेली एक डबी असते. कुठल्या बाटलीत काय किती टक्के आहे हे पेशंटला तोंडपाठ असते. कशाबरोबर काय लावायचे नाही, परिणाम दिसायला किती महिने लागतात आणि यातले आपल्या चेहऱ्याला मुळात काय हवे आहे, हे मात्र पिशवीतल्या कुठल्याच खोक्यावर लिहिलेले नसते. मराठीत या विषयावर जे छापले जाते ते बहुधा हळद-बेसनाच्या घरगुती उपायांचे असते किंवा जाहिरातीतून उचललेले. मधली मोठी जागा रिकामी आहे. तिच्यासाठी हे पुस्तक लिहिले.

माझे मुख्य म्हणणे सुरुवातीलाच मांडते. थोडा त्रास सोसला की जास्त फायदा होतो, अशी या क्षेत्रात सार्वत्रिक समजूत आहे. चेहरा सोलला म्हणजे औषध लागू पडले, भगभगला म्हणजे आत काम चालू आहे, असे पेशंट समाधानाने सांगतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. आपली त्वचा चिडली की नुसती लाल होऊन थांबत नाही. ती काळवंडते, आणि तो काळेपणा जायला महिने लागतात, कधी वर्षे. ज्या डागांसाठी उपचार सुरू केला तेच डाग उपचाराने गडद होतात. त्यामुळे आपल्यासाठी सुरक्षितपणा आणि परिणाम हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत. त्वचेला जे सोसवत नाही, त्याचा तिला उपयोगही होत नाही.

त्वचेला दोन वये असतात. एक जन्मतारखेचे. त्वचेच्या आतल्या थरातले कोलॅजन नावाचे प्रथिन तिला बळकटी देते. तारुण्याचा पहिला बहर सरला की ते हळूहळू कमी होत जाते आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट एकदम वेग घेते. दुसरे वय उन्हाचे. चेहऱ्यावर जे ‘वय’ दिसते त्याचा मोठा भाग या दुसऱ्या वयाचा असतो. खात्री करायची तर आपल्याच दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि मनगटाच्या वरची त्वचा शेजारी ठेवून पाहावी. वर्षे दोघींनी सारखीच काढली आहेत.

उन्हातली यूव्हीबी किरणे त्वचा भाजतात, यूव्हीए किरणे न भाजता खोलवर जातात आणि खिडकीची काचही त्यांना पुरेशी अडवत नाही. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षे त्याने मालवाहू गाडी चालवली होती. खिडकीकडचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांचा, लोंबलेला; उजवा गाल त्याच माणसाचा, पण कितीतरी तरुण. त्याआधी १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर, जॉन व्हूरहीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मागची यंत्रणा दाखवली होती. त्वचा लालसुद्धा होणार नाही इतक्या थोड्या अतिनील किरणांनीही तिच्यातली कोलॅजन तोडणारी विकरे जागी होतात. म्हणजे ऊन ‘लागले’ असे जाणवण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. अवघा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी सावली नाहीशी होते. अशा प्रदेशात कांदा लावणाऱ्या, बस थांब्यावर उभ्या राहणाऱ्या, दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या माणसांच्या त्वचेबद्दल आपण बोलत आहोत.

आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे नैसर्गिक संरक्षण आहे. त्यामुळे गोऱ्या युरोपीय त्वचेपेक्षा आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, ढोबळमानाने दहाएक वर्षांनी. पण तेच मेलॅनिन आपले वय दुसऱ्या रीतीने दाखवते: गालांवरचे वांग, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे, तोंडाच्या कडेचा काळेपणा, कपाळ आणि हनुवटी यांच्या रंगातला फरक. तिशीपस्तिशीतली स्त्री दवाखान्यात येते ती ‘चेहरा काळवंडलाय’ म्हणून. सुरकुत्यांची तक्रार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि या शास्त्राची मोजमापे मात्र वेगळ्या चेहऱ्यांवर बेतलेली आहेत. त्वचेचे जगभर वापरले जाणारे वर्गीकरण थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केले, तेव्हा त्यात फक्त गोऱ्या त्वचेचे चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही सावळ्या त्वचेला गडद करतो आणि गोऱ्या त्वचेवर तसे होत नाही. नेहमीच्या पारदर्शक सनस्क्रीनला हा प्रकाश अडवता येत नाही. त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडची रंगछटा असलेले सनस्क्रीन लागते. वांगाच्या पेशंटना ही एक गोष्ट आधी कळली असती तर त्यांचे कितीतरी पैसे वाचले असते.

म्हातारपण चेहऱ्यावर उशिरा यावे ही इच्छा आजची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा वनस्पतींचे पन्नास गट दिले आहेत. त्यांतला एक ‘वर्ण्य’, म्हणजे कांतीला हितकर: चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा वगैरे. दुसरा ‘वयःस्थापन’, म्हणजे वय टिकवून धरणारा: गुळवेल, हिरडा, आवळा, मंडूकपर्णी, पुनर्नवा वगैरे. ‘सेंटेला’ किंवा ‘सिका’ या नावाने कोरियातून येणाऱ्या महागड्या क्रीमांत जी वनस्पती असते ती हीच मंडूकपर्णी, आणि डाग फिके करणाऱ्या आजच्या अनेक मलमांत ज्येष्ठमधाचा अर्क असतो. याचा अभिमान जरूर वाटावा, पण एक भेद विसरू नये. वयःस्थापन गटाचा विचार मुख्यतः पोटात घेण्यासाठी झाला होता, आणि तोही आहार, झोप, दिनचर्या यांच्यासकट. काढा आणि सीरम यांची एकमेकांशी अदलाबदल होत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपर्यंत चेहऱ्याची निगा म्हणजे दिवाळीचे उटणे, सायीचे दूध आणि थंडीत खोबरेल. मग शहरांत स्नो आणि कोल्ड क्रीम आले. मुंबईत पाटणवालांनी १९१९ मध्ये आणलेला ‘अफगाण स्नो’ अनेक घरांतल्या आरशापुढे होता. या सगळ्यांचे काम एकच होते, त्वचेतले पाणी धरून ठेवणे आणि वरचा थर मऊ करणे. ते काम क्षुल्लक मानू नये. कोरडी त्वचा ओली राहिली की बारीक रेषा त्याच दिवशी कमी दिसतात आणि आजच्या कित्येक सीरमांचा पहिल्या आठवड्यातला ‘चमत्कार’ एवढाच असतो. पण त्वचेच्या आत बदल घडवणारा पदार्थ माणसाच्या हाती यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्या पदार्थाचे नाव ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक ॲसिड. त्याच्याशी जोडलेले मुख्य नाव अल्बर्ट क्लिगमन. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या या त्वचारोगतज्ज्ञाने ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालते हे दाखवले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी त्याला मान्यता मिळाली. मग वयाने मोठ्या स्त्री पेशंट सांगू लागल्या की मुरुमांबरोबर सुरकुत्याही कमी दिसतात. १९८६ मध्ये क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरचा पहिला मोठा अभ्यास छापला. १९८८ च्या जानेवारीत मिशिगनच्या गटाने ३० जणांवर १६ आठवड्यांची नियंत्रित चाचणी करून त्याला दुजोरा दिला, आणि अमेरिकेतल्या औषध दुकानांत झुंबड उडाली. १९९३ मध्ये त्याच गटाने त्वचेचे सूक्ष्म तुकडे तपासून दाखवले की दहा-बारा महिन्यांच्या वापराने नवे कोलॅजन ८० टक्क्यांनी वाढते. बारीक सुरकुत्यांसाठी औषध म्हणून अधिकृत मान्यता १९९५ मध्ये आली.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर शेकडो प्रयोग केले. कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते आणि बऱ्याचदा अजून खटला न चाललेले. थोड्या डॉलर्सच्या मोबदल्यात त्यांच्या पाठीवर आणि हातांवर औषधे, सौंदर्यप्रसाधने, रसायने लावली गेली, डायऑक्सिनसारखे विषही. ट्रेटिनॉइनच्या सुरुवातीच्या चाचण्यांचा धागाही तिथवर जातो. कशाची चाचणी आहे हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते. ॲलन हॉर्नब्लम यांच्या १९९८ च्या पुस्तकाने हे सविस्तर बाहेर आणले आणि विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. रात्री चेहऱ्याला लावलेल्या वाटाण्याएवढ्या क्रीममागे अशीही माणसे आहेत. हे माझ्या वाचकाला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

क्लिगमन यांचे आणखी दोन वारसे आपल्यापर्यंत पोहोचले. औषध आणि प्रसाधन यांच्यामधल्या ‘कॉस्मेस्युटिकल’ या वर्गाचा पुरस्कार त्यांनी केला. कायदा हा वर्ग मानत नाही. भारतात एखादी वस्तू औषध असते किंवा प्रसाधन. ट्रेटिनॉइन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, रेटिनॉल मात्र प्रसाधनात चालते. दुसरा वारसा १९७५ चा, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे डागांवरचे तिहेरी मिश्रण. काही आठवड्यांपुरते, डॉक्टरच्या नजरेखाली ते उत्तम औषध आहे. आपल्याकडे मात्र ते ‘गोरे होण्याची क्रीम’ म्हणून घरोघर गेले. त्याकडे पुढे येते.

ट्रेटिनॉइननंतर या क्षेत्राला फाटे फुटले. ढोबळमानाने पाच संप्रदाय दिसतात, आणि प्रत्येकाचे अनुयायी आपलाच रस्ता खरा मानतात.

अडवणाऱ्यांचा संप्रदाय सर्वांत कमी आकर्षक आणि सर्वांत भक्कम. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नॅम्बर गावी १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीचे त्वचेच्या वयाविषयीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते, बाकीच्यांना आपापल्या सवयीप्रमाणे. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत मोजता येईल अशी जीर्णता वाढलेली दिसली नाही. याच्या तोडीचा पुरावा असलेले सीरम बाजारात दाखवता येणार नाही. अडचण प्रमाणाची आहे. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो आणि बहुतेक माणसे त्याच्या निम्मेही लावत नाहीत. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधले बोट भरून निघेल एवढी रेघ लागते. पुण्याच्या मुली दुचाकीवर बसताना चेहऱ्याला गच्च स्कार्फ गुंडाळतात, शेतातल्या बाया डोक्यावरून पदर घेतात. ते मी पहिल्या प्रतीचे संरक्षण मानते. कापड घामाने वाहून जात नाही.

बदल घडवणाऱ्यांचा संप्रदाय अ जीवनसत्त्वाचा. औषधात थेट ट्रेटिनॉइन असते. प्रसाधनांत रेटिनॉल किंवा रेटिनाल असते आणि त्वचेला त्याचे रूपांतर स्वतःच करून घ्यावे लागते, म्हणून ते सौम्य आणि सावकाश. इथे माझ्या मताला आधार देणारा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. १९९५ मध्ये ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के ट्रेटिनॉइनची ४८ आठवडे तुलना झाली. चारपट तीव्र औषधाने सुरकुत्या अधिक गेल्या नाहीत, चिडचिड मात्र कितीतरी जास्त झाली. तरीही बाजारात १ टक्का रेटिनॉल हे भूषण म्हणून मिरवले जाते. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के ठरवली. आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढे, कोरड्या चेहऱ्यावर, आधी किंवा नंतर साधे मॉइश्चरायझर. सोसले तर महिन्याने एक रात्र वाढवायची. तीन महिन्यांआधी आरशाला प्रश्न विचारू नये. गरोदरपणात, आणि मूल होण्याचा विचार सुरू असताना, अ जीवनसत्त्वाचे कुठलेच रूप चेहऱ्याला लावू नये.

आपल्याकडच्या एका अपघाताचा उल्लेख परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडतो. रेटिनॉल सुरू असताना वरच्या ओठाचे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केले की त्वचेचा पापुद्रा निघून येतो आणि महिनोन्‌महिने मिशीच्या जागी काळा पट्टा राहतो. ब्लीच आणि फेशियलचेही तेच. लग्नसराईत अशा मुली दर आठवड्याला येतात. पार्लरला जायच्या आधी आठवडाभर ही बाटली बंद ठेवावी आणि लग्नाच्या महिन्यात कुठलीही नवी बाटली उघडू नये.

सोलणाऱ्यांचा संप्रदाय फळांमधल्या आणि दुधातल्या आम्लांचा. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ मध्ये माशाच्या खवल्यांसारख्या त्वचेच्या विकारावर ती वापरली, मग सुरकुत्यांकडे मोर्चा वळला. घरी वापरायच्या वस्तूत ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिड १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नाही, ही अमेरिकी तज्ज्ञमंडळाने सांगितलेली मर्यादा मी शहाणपणाची मानते. या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर तशीच राहते. रेटिनॉल आणि आम्ल एकाच रात्री लावणे सावळ्या त्वचेला बहुधा महागात पडते. लिंबू चोळणे तर मुळीच नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि लिंबूवर्गीय सालीतली काही द्रव्ये उन्हात त्वचा जाळतात.

राखणाऱ्यांच्या संप्रदायात क जीवनसत्त्व येते, आणि नायसिनामाइड, सेरामाइड, हायलुरॉनिक ॲसिड ही मंडळी. क जीवनसत्त्व नाजूक आहे. ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या कामावरून दिसले की ते आत शिरायला पीएच ३.५ पेक्षा कमी लागतो आणि २० टक्क्यांवर गेल्याने फायदा वाढत नाही. हवा आणि उष्णता लागली की ते पिवळे, मग तपकिरी होते. कोकणच्या दमटपणात आणि विदर्भाच्या मे महिन्यात उघडी बाटली फार टिकत नाही. लहान बाटली घ्यावी, फ्रिजमध्ये ठेवावी, तपकिरी झाली की टाकून द्यावी. नायसिनामाइड आपल्याला अनोळखी नाही. १९७५ साली भारतात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’मध्ये ते होते. रंग उजळण्याच्या त्या विक्रीने आपल्या मुलींच्या मनाचे नुकसान केले, यात मला शंका नाही. पण त्या द्रव्याचा दोष नव्हता. ४-५ टक्के नायसिनामाइड डाग फिके करते, त्वचेचा बांध मजबूत करते आणि सहसा कुणाला झोंबत नाही. नवशिक्याने काही लावायचेच असेल तर मी सनस्क्रीननंतर याचेच नाव घेते.

पाचवा संप्रदाय निरोप्यांचा: पेप्टाइड, ग्रोथ फॅक्टर, एक्सोसोम. कल्पना सुंदर आहे, पुरावा विरळ आहे आणि त्यातला बराच विक्रेत्यांच्या पैशाने झालेला. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो की क्रीममधून तो आत जाऊच शकत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वनस्पतींच्या वाटेवर एक गोष्ट मात्र आपल्या घरची आहे. रेटिनॉलला सौम्य पर्याय म्हणून जगभर विकले जाणारे बाकुचिऑल पहिल्यांदा वेगळे केले गेले ते पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, रामदास नायक आणि सुखदेव यांनी बावचीच्या बियांतून ते मिळवले आणि १९६६ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. अर्ध्या शतकानंतर, २०१९ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिऑल आणि ०.५ टक्के रेटिनॉल यांची तुलना झाली. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले, झोंबणे आणि सालपटे रेटिनॉलने जास्त. चाचणी छोटी आहे, पण आशादायक. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘बावचीच असते ना त्यात’ म्हणून बाजारातून बावचीचे तेल आणून चेहऱ्याला लावणारे लोक मी पाहिले आहेत. बावचीच्या बियांत सोरालेन असते. कोडावरच्या उपचारात ते उन्हाबरोबर वापरतात, कारण ते त्वचेला उन्हाबाबत अत्यंत हळवे करते. शुद्ध केलेल्या बाकुचिऑलमध्ये ते काढून टाकलेले असते, घाण्याच्या तेलात ते तसेच राहते. ते लावून दुपारी बाहेर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फोड येतात.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर त्या लेबल नसलेल्या डबीत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ पेशंटपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. मेडिकलवाल्याने दिले, मैत्रिणीने सांगितले, पार्लरमध्ये मिळाले. पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो, म्हणून माणूस सोडत नाही. मग त्वचा पातळ होते, लालबुंद होते, लव वाढते, मुरुम येतात, ऊन सहन होत नाही, आणि लावणे थांबवले की सगळे उसळून वर येते. चेहऱ्याला तरुण ठेवण्यासाठी लावलेले औषध त्वचेला अकाली म्हातारी करते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत घातली. काउंटरवर ती अजूनही मिळतात.

त्याहून भयंकर म्हणजे पारा. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ पेशंट तपासले. एका विशिष्ट खुणेचा विकार असलेल्या १५ जणांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. महाराष्ट्रातही अशा घटना घडल्या आहेत. भारताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बिनलेबलाच्या डबीला नियम कुठला लागू करणार? उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि तारीख यांतले एकही नसेल तर ती वस्तू घरात आणू नये, मग ती कितीही जिव्हाळ्याच्या माणसाने दिलेली असो.

आणि आता बारा-तेरा वर्षांची मुले हे सगळे मागू लागली आहेत. स्वीडनमधल्या औषध दुकानांच्या एका साखळीने २०२४ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना आम्ले आणि अ जीवनसत्त्वाची प्रसाधने विकणे थांबवले. त्या वयाच्या त्वचेला यातल्या कशाचीच गरज नसते. सौम्य साबण, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढे पुरते.

या पुस्तकात मी कुठल्याही कंपनीच्या वस्तूची शिफारस केलेली नाही. घटकांचे नाव, प्रमाण, पुराव्याची ताकद आणि आपल्या त्वचेवरचा धोका या चार गोष्टींभोवती मांडणी ठेवली आहे. पुरावा जिथे गोऱ्या त्वचेवरचा आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. जिथे सावळ्या त्वचेवरचा अभ्यास मिळाला तिथे त्याला अधिक जागा दिली आहे. उदाहरणार्थ, १९९३ मधला कृष्णवर्णीय पेशंटवरचा ट्रेटिनॉइनचा अभ्यास: डाग फिके झाले खरे, पण त्याला ४० आठवडे लागले. हवामानाचाही विचार केला आहे, कारण लातूरच्या कोरड्या थंडीतला सल्ला रत्नागिरीच्या पावसाळ्यात चालत नाही. पुरुषांसाठी, विशेषतः रोज दाढी करणाऱ्यांसाठी, स्वतंत्र सूचना आहेत. चेहरा आधीच भगभगत असेल, वर्षानुवर्षे एखादी ट्यूब लावलेली असेल, किंवा एखादा डाग आकार बदलत असेल, तर पुस्तक वाचत बसू नये; डॉक्टरकडे जावे आणि सगळ्या ट्यूब बरोबर न्याव्यात.

खर्चाचा विचार मुद्दाम केला आहे. महिन्याला एकच वस्तू परवडत असेल तर ती चांगले सनस्क्रीन असावी, वांग असतील तर रंगछटेचे. दोन परवडत असतील तर दुसरी साधे, बिनसुवासाचे मॉइश्चरायझर. तिसरी वस्तू आणण्यापूर्वी या दोन्ही निदान तीन महिने नेमाने लावून पाहाव्यात. मग ती तिसरी वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडी लावून तपासावी, आणि त्यानंतरच चेहऱ्याला लावायला सुरुवात करावी.